मधुमेह आणि न दुखणारी जखम
मधुमेह जुना झाला की अनेकांचे पाय बधिर होत जातात. शेतात अनवाणी चालताना काटा रुतला तरी कळत नाही. जखम दुखत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि पुढे पाय कापण्याची पाळी येते.

ही बधिरता ओळखण्याची, इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी 2011 साली मांडलेली रीत घरीही करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे व करंगळ्या यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवावे, दाबू नये. सहापैकी दोन वा अधिक स्पर्श न जाणवल्यास डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत.

अशा व्यक्तीने तळपाय रोज पाहावेत. घरात पादत्राणे निषिद्ध मानणाऱ्यांनी एक स्वच्छ जोड घरापुरता वेगळा ठेवावा. भोवरी पात्याने कापणे सर्वथा टाळावे.