ग्राहकाच्या तक्रारीत अडकलेला पासवर्ड: चोराच्या आधी तुम्ही शोधा



ग्राहकांच्या तक्रारींची नोंद कशी ठेवायची, ते आपण व्हिडिओत बघितलं. आज त्याच नोंदींमधला एक धोका बघू.

समजा, तुम्ही दुकानदारांना वेबसाइट बनवून देता. रात्री दहाला मेसेज येतो, "साइट उघडत नाहीये, हा घ्या पासवर्ड, बघा जरा." तुम्ही साइट दुरुस्त करता, ग्राहक खूश. पासवर्ड मात्र तिथेच राहतो. तुमच्या चॅटमध्ये, बॅकअपमध्ये, आणि कामावरच्या मुलाला फॉरवर्ड केला असेल तर त्याच्याही फोनमध्ये. जीएसटीची कामं करणाऱ्यांकडेही हेच. मोबाईल रिपेअरिंगवाल्याच्या जॉबकार्डवर तर ग्राहकाचा पॅटर्नच काढलेला असतो!

आता तुम्ही म्हणाल, आपल्या छोट्या धंद्याकडे कोण बघतंय? मग मोठ्यांचं काय झालं ते ऐका. ऑक्टा ही अमेरिकन कंपनी इतर कंपन्यांना लॉगिनची सुरक्षा पुरवते. 2023 मध्ये चोर तिच्या ग्राहक सेवेच्या यंत्रणेत शिरला. अडचण दाखवण्यासाठी ग्राहकांनी ब्राउझरच्या नोंदीच्या फायली तिथे जोडल्या होत्या, आणि त्यात चालू लॉगिनचे टोकन होते. असा टोकन हातात आला की पासवर्डही लागत नाही. 134 ग्राहकांच्या फायली उघडल्या गेल्या, त्यातल्या 5 जणांच्या लॉगिनवर चोराने ताबा मिळवला.

ऑगस्ट 2025 मध्ये सेल्सलॉफ्ट ड्रिफ्ट या चॅट सेवेमार्फत अनेक कंपन्यांच्या तक्रारी चोरीला गेल्या. चोरांनी त्या मजकुरात पासवर्ड आणि क्लाउडच्या चाव्याच शोधल्या. क्लाउडफ्लेअरने आपला चोरीला गेलेला मजकूर स्वतः तपासला, तर त्यात तिचेच 104 टोकन निघाले. तिने ते सगळे बदलले. हे शोधकाम चोरीच्या आधी करता येतं, आणि आपल्याला तेच करायचंय.

कामाला बसा. ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या शोधपट्टीत एकेक शब्द टाका: पासवर्ड, पीडब्ल्यूडी, लॉगिन, युजरनेम, पिन, सीव्हीव्ही. रोमन आणि देवनागरी, दोन्ही लिपींत. आपली माणसं स्पेलिंग कसंही लिहितात, त्यामुळे 'पासवर्ड'चे चार-पाच अवतार तरी शोधा. ॲमेझॉनच्या क्लाउडची कायमची चावी 'एकेआयए' या रोमन अक्षरांनी सुरू होते, तीही बघा. फोटो आणि स्क्रीनशॉट मात्र डोळ्यांनीच तपासावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण निम्मा माल तिथेच असतो असं समजून चला. तक्रारी हजारोंनी असतील तर मजकूर एक्स्पोर्ट करून 'ट्रफलहॉग' किंवा 'गिटलीक्स' हे मोफत टूल चालवायला एखाद्या जाणकाराला सांगा.

सापडलेल्या गोष्टींची यादी करा. ग्राहक कोण, कशाचा पासवर्ड, कुठे सापडला, बदलला का, एवढंच लिहा. पासवर्ड स्वतः त्या एक्सेलमध्ये उतरवू नका, नाहीतर चोराला सगळं एकाच पानावर मिळेल. आणि चालतो का बघायला लॉगिन करू नका. ती परवानगी जुन्या कामापुरती होती.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. लोक मेसेज डिलीट करतात आणि मोकळे होतात. अहो, तुमच्याकडून पुसलं तरी ग्राहकाच्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये ते आहेच. आधी ग्राहकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावा, मग पुसा. ओटीपी काही मिनिटांत आपोआप निकामी होतो, त्याच्यामागे वेळ घालवू नका. बँक आणि ईमेलचे पासवर्ड आधी घ्या, कारण ईमेल हाती आला की बाकीचे पासवर्ड रिसेट करता येतात.

फोनवर काय बोलायचं, याचा संकोच वाटतो ना? सरळ सांगा: "दादा, मागे कामासाठी दिलेला पासवर्ड आमच्या चॅटमध्ये राहिलाय. तो आज बदलून घ्या, मग मी इथून काढतो. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथेही बदला."

आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये हा मेसेज आजच टाकून ठेवा: "कृपया पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डचा फोटो इथे पाठवू नका. आमच्यासाठी वेगळं लॉगिन बनवून द्या, काम झालं की ते बंद करा." वर्डप्रेसमध्ये असं लॉगिन कसं बनवायचं, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.