गावाची मोजणी आणि कारभाराची फारसी : मानोरा तालुक्याच्या संदर्भात

‘मौजे अमुक, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम’ ही ओळ सातबाऱ्यावर किंवा एखाद्या दाखल्यावर आपण नेहमी वाचतो. तिच्यातून स्थळांची नावे वगळली, तर उरणारे तिन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. ‘मौजे’ म्हणजे जागा, ‘तालुका’ म्हणजे संबंध किंवा ताबा, ‘जिल्हा’ म्हणजे बरगडी, बाजू. ‘तहसील’चा मूळ अर्थ तर सरळ वसुली असाच आहे. गावाची लोकसंख्या आणि त्याचे प्रशासकीय स्थान यांचा विचार या शब्दांपासून सुरू करणे सोयीचे ठरते, कारण गावाकडे कोणाच्या नजरेने पाहिले गेले हे ते शब्दच सांगतात.

वऱ्हाडात इमादशाही 1490 मध्ये आली. 1596 मध्ये प्रांत मोगलांकडे गेला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशिमची नोंद आहे. पुढे निजाम आणि 1853 पासून इंग्रज आले. कारभाराची परिभाषा मात्र बरीचशी टिकली. फारसी ही इथल्या गावाची बोली कधीच नव्हती. गाव वऱ्हाडीत आणि तांडा बंजारा बोलीत बोलत राहिला. फारसी होती ती दप्तराची.

जिथे गावच फारसी बोलते, त्या इराणात काय आढळते? तिथे 1937 च्या कायद्याने ओस्तान, शहरेस्तान, बख्श, देहेस्तान अशी उतरंड ठरली. आपल्या जिल्हा-तालुक्याचा तिच्यात मागमूस नाही. ‘देह’ म्हणजे गाव. जुन्या मराठी कागदांत गावांची संख्या ‘देहे’ म्हणून येते, ते हेच. तिथल्या जनगणनेत वस्तीच्या प्रत्येक ठिकाणाला ‘आबादी’ म्हणतात आणि माणसांबरोबर कुटुंबांचा आकडाही देतात.

कुटुंबे मोजण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. ‘खानेसुमारी’ म्हणजे घरांची मोजदाद. खेड्यात आजही ‘दोनशे उंबऱ्यांचे गाव’ असे म्हणतात. उठलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणत. या शब्दात आपल्याला ‘राख’ दिसते, परंतु तो ‘बे-चिराग’ आहे, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. महसुली परिभाषेत इतका करुण शब्द क्वचितच सापडेल. गाव बेचिराख झाले तरी त्याची शिव आणि दप्तरातील नाव मात्र राहते.

याच्या नेमकी उलट अवस्था तांड्याची. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 11,97,160 आहे. त्याच्या सहा तालुक्यांपैकी मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे आणि तांड्यांची वस्ती लक्षणीय आहे. तांड्यात दिवे लागतात, नाईक आणि कारभारी असतात. तरीही तो महसुली गाव नसेल, तर जनगणनेच्या यादीत त्याची स्वतंत्र ओळ नसते. ज्या गावाच्या शिवारात तो वसला, त्या गावाच्या आकड्यात त्याची माणसे मिसळून जातात. परिणामी तांड्यात मुली किती, साक्षर किती हे छापील तक्त्यावरून कळत नाही, आणि शाळा, रस्ता, पाणी यांची मागणी करताना हाताशी आकडा नसतो. म्हणूनच महसुली गावाचा दर्जा आणि पुढे स्वतंत्र ग्रामपंचायत ही तांड्यांची मागणी केवळ प्रतिष्ठेची मानणे चूक होईल.

भाषेच्या तक्त्यातही हेच घडते. 2011 मध्ये लमाणी/लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे 32 लाख 76 हजार होते. हा आकडा हिंदीच्या एकूण संख्येत धरलेला आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने एकूण संख्येच्या पोटातील हे उपआकडे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

स्वाध्याय : आपल्या गावाचा सातबारा आणि 2011 च्या जनगणनेतील गावाची नोंद समोर ठेवा. गावाच्या हद्दीतील तांडे, वाड्या, वस्त्या यांची यादी जाणत्या माणसांना विचारून तयार करा. त्यांपैकी कोणती नावे दोन्ही कागदांत आढळत नाहीत?