नीलगिरी तेल : वापरा, पण जपून

गेल्या पावसाळ्यात एक आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावतच दवाखान्यात आली. खोकल्याचे औषध समजून आजीने त्याला चमचाभर नीलगिरी तेल पाजले होते. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर होत्या. मूल पेंगत होते, तोंडाला उग्र वास येत होता. मी त्याला लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवले. सुदैवाने ते बचावले.

या तेलातील सिनिओल या द्रव्यामुळे चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. सर्दी मात्र त्याने बरी होत नाही. मोठ्यांनी रुमालावर दोन थेंब टाकून हुंगण्यास हरकत नाही. दुखरे सांधे चोळायचे असल्यास चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब मिसळावेत. नुसते तेल लावल्यास कातडीची आग होते. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे. दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाला वा छातीला ते लावू नये.

पोटात ५ मि.ली. तेल गेले तरी लहान मुलाला गुंगी, झटके येऊ शकतात, श्वास मंदावू शकतो. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. तेल फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. मूल खेळताना दिसले तरी थांबू नका. त्रास काही तासांनीही सुरू होतो. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

आणि आजच ती बाटली औषधांच्या फळीवरून हलवा, कुलपात ठेवा.