आधी कोणते काम सोडायचे? अपोलोचा संगणक आणि उद्यमनगरचा गल्ला

गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो 'टक्के किती?' हा. गुजरीत विचारा, लक्ष्मीपुरीत विचारा, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर विचारा, प्रश्न तोच. आणि जो सल्लागार या प्रश्नाला लगेच आकडा सांगून मोकळा होतो, तो आपला धंदा अजून शिकलेला नाही असे आम्ही समजतो. सल्लागाराचा पहिला धडा टक्क्यांचा नसून क्रमाचा आहे: अडचण आली तर कोणते काम सोडायचे आणि कोणते काही झाले तरी चालू ठेवायचे. हा धडा आज एका जुन्या संगणकावरून समजून घेऊ.

अंतराळाचा आणि कोल्हापूरचा काय संबंध, असे कोणी विचारील. डॉ. विक्रम साराभाई यांच्याबरोबर भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्यांतले एकनाथ चिटणीस 1925 साली कोल्हापुरातच जन्मले होते. असो.

20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चे 'ईगल' यान आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्रावर उतरत होते. यानातल्या संगणकाचे वजन सुमारे 32 किलो होते. वीज तो 60 वॉटच्या बल्बपेक्षाही कमी खात असे. पुसून पुन्हा लिहिता येईल अशी त्याची स्मृती फक्त 2,048 शब्दांची होती, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलपुढे काहीच नाही. कायमची स्मृती 36,864 शब्दांची, आणि ती चक्क हाताने विणलेली होती. अमेरिकेतल्या वॉल्थॅम गावच्या कारखान्यात बहुतांशी स्त्री कामगार बारीक चुंबकीय कड्यांमधून तांब्याची तार ओवत. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एकदा विणले की बदल नाही. जरीकाम करणाऱ्याला त्यातली जोखीम वेगळी समजावून सांगायला नको.

उतरताना संगणकाच्या पडद्यावर अचानक 1202 हा इशारा आला. एका रडारच्या स्विचच्या स्थितीमुळे संगणकाकडे निरुपयोगी माहितीचा भडिमार होत होता आणि त्याचा काही वेळ त्यातच जात होता. हातात असलेली कामे वेळेत संपेनात. साध्या यंत्राने अशा वेळी मान टाकली असती. परंतु या संगणकातल्या प्रत्येक कामाला आधीच एक क्रमांक दिलेला होता. गंमत म्हणजे त्या कामांना तिथेही 'जॉब'च म्हणत, आपल्या उद्यमनगरासारखे. भार वाढला तसा संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, कमी महत्त्वाचे जॉब टाकून देई आणि इंजिन व दिशा सांभाळणारे जॉब जिथे थांबले होते तिथून पुढे नेई. कोणते काम कुठवर आले याची नोंद तो राखत असे. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून 26 वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी पुढे जाण्यास होकार दिला आणि यान उतरले.

लक्षात घ्या, काय सोडायचे हे इशारा वाजल्यावर ठरवले नव्हते. ते पृथ्वीवर, शांतपणे, आधीच ठरले होते.

आता आपल्या वर्कशॉपकडे येऊ. उदाहरणादाखल धरा, एका लेथवाल्याकडे 5 लाख रुपये शिल्लक आहेत. वर्कशॉपचे भाडे, वीज, दोन कामगारांचा पगार आणि घरखर्च मिळून महिना 60,000. चार महिन्यांचे 2 लाख 40 हजार वेगळे काढले पाहिजेत. हा पैसा हाताशी हवा, त्यावर कमाईची अपेक्षा ठेवायची नाही. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी तो चालू खात्यात ठेवावा, तिथे व्याज नसते. माल उचलायला आणि उधारी सोसायला 1 लाखाचे खेळते भांडवल. जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी 80,000, तिची तारीख ठरलेली, म्हणून तीही बाजूला. उरले 80,000. पाच-सात वर्षे हात लावायचा नसेल तरच एवढी रक्कम शेअर किंवा इक्विटी फंडात जावी. "पाच लाखांतले ऐंशी हजारच?" असे म्हणून गिऱ्हाईक नाराज होते. होऊ द्या.

हा क्रम का, ते 2020 साली दिसले. जानेवारीत निफ्टी निर्देशांक 12,300 च्या वर होता. 23 मार्चला तो 7,610 वर आला, म्हणजे सुमारे 38 टक्के घसरण. त्याच आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली आणि वर्कशॉपचे शटर खाली आले. ज्यांनी खेळते भांडवल शेअरमध्ये घातले होते, त्यांच्यावर नेमके तेव्हाच विकण्याची पाळी आली. ज्यांच्याजवळ चार महिन्यांची सोय होती ते थांबले. नोव्हेंबर 2020 मध्ये निर्देशांक पूर्वीच्या पातळीवर परत आला होता. शेअर तेच, तोटा मात्र एकालाच. कोल्हापुरात तर असा इशारा टाळेबंदीच्या आधीही वाजला आहे: ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्ग बंद पडला, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झाले.

शरीयतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे फंडही आहेत, उदाहरणार्थ टाटा एथिकल फंड. बँका, दारूचे उत्पादक, कर्जाचा बोजा मोठा असलेल्या कंपन्या त्यात वगळल्या जातात. परंतु निकष निराळा म्हणून घसरण टळत नाही, हे सल्लागाराने स्पष्ट सांगितले पाहिजे.

याउलट 'महिना तीन टक्के, हलाल नफा' असे कोणी सांगितले तर कागद-पेन्सिल घ्या. 72 ला 3 ने भागले की 24 येतात, म्हणजे नफा न उचलता ठेवल्यास पैसा 24 महिन्यांत दुप्पट. कोणत्या सोन्याच्या किंवा जमिनीच्या धंद्यात हे वर्षानुवर्षे जमते? बंगळुरूच्या आयएमए या कंपनीने असाच मोठा मासिक परतावा देऊन हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी घेतल्या होत्या. जून 2019 मध्ये तिचा संस्थापक दुबईला निघून गेला, जुलैमध्ये दिल्लीत पकडला गेला. कित्येकांनी तिथे घराचा राखीव पैसाही ठेवला होता. सर्वांत आधी वाचवायचे काम त्यांनी सर्वांत जोखमीच्या जागी नेऊन ठेवले होते.

सल्लागार निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, सेबीचा नोंदणी क्रमांक. 2013 च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराला नोंदणी आणि परीक्षा आवश्यक आहे, आणि त्याचे नाव सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. दुसरी, त्याला पैसे कोण देते. नोंदणीकृत सल्लागार गिऱ्हाइकाकडून फी घेतो, तर फंड विकणारा वितरक फंड कंपनीकडून कमिशन घेतो. वितरक असणे हा गुन्हा नव्हे, पण वरच्या उदाहरणात पाच लाखांऐवजी ऐंशी हजारच गुंतवले तर कमिशन कोणाचे बुडते, ते पाहा. फी किती ते लेखी घ्यावे. आणि गुंतवणुकीचा चेक फंडाच्या नावाने लिहावा, सल्लागाराच्या नावाने कधीच नाही.