कचऱ्याची जागा आणि गावाची संमती

गावातील कचरा नियमितपणे उचलला जावा, याविषयी कोणाचे दुमत नसते. तो कोठे नेऊन टाकावयाचा, हा प्रश्न निघाला म्हणजे मात्र मतभेदास प्रारंभ होतो. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, की वाढत्या वस्तीबरोबर कचऱ्याची जबाबदारीही वाढते. वस्तीपासून दूर जागा शोधावी, तर लगेच शेजारच्या गावांची शिवारे लागतात. एका गावाचा कचरा दुसऱ्या गावाने का सोसावा, असा प्रश्न तेथील शेतकरी विचारतो. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळेवर न दिल्यास काय घडते, हे राज्यातील मोठ्या शहरांच्या अनुभवावरून समजून घेता येईल.

नारेगावचा धडा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद. या शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगाव-मांडकी परिसरात टाकला जात होता. प्रक्रियेविना साठलेल्या या ढिगांचा धूर, दुर्गंधी आणि दूषित पाणी आसपासच्या गावांनी सोसले. मागून घेतलेल्या मुदती संपल्या. आश्वासनांची पूर्तता झाली नाही. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगाव येथे कचरा टाकण्यास मनाई केली.

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. पर्यायी जागेचा शोध घाईने सुरू झाला, परंतु गाड्या जिकडे जात तिकडे त्यांना विरोध होई. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे दगडफेक, लाठीमार व अश्रुधूर असा दुर्दैवी प्रकार घडला. शहरातील रस्त्यांवर कचरा साठत राहिला. पुढील काळात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी या चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. नारेगाव सुरू असतानाच हे काम झाले असते, तर बराच अनर्थ टळला असता.

पुण्याजवळील उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांचा अनुभवही असाच आहे. एप्रिल २०१७ मध्ये तेथील कचरा आगारास आग लागली आणि ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे गाड्या रोखून धरल्या. मिटमिट्याने कचरा पाहण्यापूर्वीच त्यास नकार दिला, कारण नारेगावचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. नव्या जागेला होणारा विरोध हा बहुतांशी जुन्या जागेविषयीचा निवाडा असतो. त्यास अडाणीपणा म्हणणे योग्य होणार नाही.

भीतीमागील शास्त्र

घरगुती कचऱ्यात सर्वसाधारणपणे निम्मा भाग ओला असतो. तो हवेविना कुजला म्हणजे मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. ढिगांना आगी लागण्याचे हे एक प्रमुख कारण होय. त्यातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरते. आपल्याकडील काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि तिच्याखाली भेगाळ बेसाल्ट खडक असतो. विहिरींना पाणी याच भेगांतून मिळते. म्हणूनच दूषित पाण्यालाही तीच वाट सापडते. कळंबला चक्रावती नदी आहे आणि चिंतामणीच्या मंदिरात पायऱ्या उतरून जावे लागते असे पाण्याचे कुंड आहे. जमिनीखालील पाण्याचे महत्त्व या गावाला निराळे सांगावयास नको.

याच कारणास्तव, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमी नदीपासून १०० मीटर आणि तलाव, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर दूर असावी असे निकष घालून दिले. नियम वेळोवेळी बदलतात. प्रस्ताव तयार करताना त्या वेळी लागू असलेले नियम तपासून घ्यावेत.

आधी वर्गीकरण, मग जागा

वीस हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करून पाहू. दरडोई ३०० ग्रॅम कचरा धरल्यास रोज ६ टन कचरा निघेल. तो एकत्र टाकल्यास सहाच्या सहा टन जागा व्यापतात, कुजतात आणि पेटतात. घरोघरी ओला-सुका वेगळा केल्यास ३ टनांचे खत वा बायोगॅस होऊ शकतो. सुक्यातील कागद, धातू व प्लास्टिक विकले जाते. शेवटी पुरावयाचा भाग अल्प उरतो व त्याला दुर्गंधी जवळजवळ नसते. अशा जागेला संमती मिळविणे पुष्कळ सोपे जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने २०१५ पासून हे करून दाखविले. वर्गीकरणाची शिस्त लागली, बायोगॅस निर्माण होऊ लागला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या कामी आले आणि जुन्या कचरा आगाराचे रूप पालटून ते पर्यटकांनी पाहावे असे स्थळ झाले. लहान गावाला हे साधण्यासारखे आहे.

पंचायत सदस्यांसाठी काही सूचना

१. जागा ठरविण्यापूर्वी किमान सहा महिने वर्गीकरण सुरू करावे. वर्गीकृत कचऱ्याचे रोजचे वजन ग्रामस्थांस दाखवावे.

२. एकाच जागेचा आग्रह न धरता दोन-तीन पर्याय व त्यांची भूजलविषयक तपासणी शेजारच्या गावांच्या ग्रामसभेपुढे ठेवावी.

३. परिसरातील विहिरींचे पाणी काम सुरू होण्यापूर्वी व नंतर ठराविक मुदतीने तपासावे. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

४. देखरेख समितीत शेजारच्या गावचे शेतकरी व महिला असाव्यात. अटी मोडल्यास काम थांबविण्याचा अधिकार समितीस लेखी द्यावा.

५. तयार खत प्रथम त्याच शिवारातील शेतकऱ्यांस मिळावे.

शाळेतील शिक्षकांचा वाटाही येथे मोठा आहे. विद्यार्थ्याने आपल्या घरचा कचरा आठवडाभर वेगळा करून तोलला, तर तो हिशेब घरातील मोठ्यांपर्यंतही पोहोचेल.

नारेगावात ढीग साचावयास तीन दशके लागली, तर विश्वास गमावल्यावर शहराची घडी विस्कटावयास काही दिवस पुरले. लहान गावांचे ढीग अद्याप लहान आहेत. तेवढ्यातच हे काम हाती घेणे इष्ट होय.