मेटलर्जी मिळतेय, घ्यायची का?

कॅप राउंडची यादी लागली की पालकांचे फोन सुरू होतात. "कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं. मेटलर्जी मिळतेय. घ्यायची का? स्कोप आहे का?" मुलाच्या पदरात उरलंसुरलं काहीतरी पडलंय, असाच बहुतेकांचा सूर असतो. या शाखेवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तो का, हे सांगायला धातुशास्त्रातलं सगळ्यात अवघड काम घेतो: प्रचंड उष्णता आणि प्रचंड ताण एकाच वेळी सोसणारे मिश्रधातू.

जेट इंजिनात इंधन जळतं त्या कक्षाच्या लगेच मागे टर्बाइनची पाती असतात. त्यांच्यावर येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असू शकतो. शुद्ध निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, पात्यांसाठीचे निकेलचे मिश्रधातू तर त्याच्याही आधी. शिवाय पाती मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतात. तरीही ती टिकतात, कारण पात्याच्या पोटात बारीक वाटा ठेवून हवा खेळवलेली असते आणि वरून सिरॅमिकचा लेप असतो. पण खरी करामत धातूच्या आत असते.

बहुतेक धातू तापले की नरम पडतात. निकेलमध्ये ॲल्युमिनियम योग्य प्रमाणात मिसळून नीट उष्णोपचार केला, तर आत अतिसूक्ष्म घनाकृती कणांची दाट वीण तयार होते. हे कण साधारण ७००-८०० अंशांपर्यंत नरम न पडता उलट अधिक बळकट होतात. दुसरा शत्रू म्हणजे क्रीप. ओल्या कपड्यांच्या ओझ्याने वाळत घालायची दोरी हळूहळू सैल पडत जाते, तसा तापलेला धातू सततच्या ताणाखाली कणाकणाने लांबतो. धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमा तिथे सगळ्यात कच्च्या ठरतात. मग शास्त्रज्ञांनी सीमाच काढून टाकल्या. अख्खं पातं एकाच स्फटिकाचं!

ते ओततात कसं? आधी पात्याचा मेणाचा नमुना करायचा. तो सिरॅमिकच्या घोळात पुन्हा पुन्हा बुडवून त्यावर कवच चढवायचं आणि मेण वितळवून काढून टाकायचं. निर्वात भट्टीत, तापवलेल्या साच्यात रस ओतायचा आणि साचा अगदी सावकाश खाली, थंड भागाकडे ओढायचा. धातू तळापासून गोठत वर येतो, तेव्हा वाटेत एक बारीक नागमोडी नळी असते. तळाशी अनेक स्फटिक वाढू लागलेले असतात, पण त्या वळणांतून एकच पार होतो आणि सगळं पातं त्याचंच बनतं. साचा ओढण्याचा वेग किंवा तापमान बिघडलं की मधेच दुसरा स्फटिक फुटतो आणि पातं भंगारात जातं.

हे तंत्र जगात मोजक्या देशांकडे आहे, आणि विकत मागून सहजी मिळत नाही. आपलं तेजस विमान आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. पण हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती तयार केली आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीला दिली. हैदराबादलाच मिधानी हा सरकारी कारखाना आहे. असे उष्णता सोसणारे मिश्रधातू म्हणजे सुपरअलॉय, टायटॅनियम आणि इस्रोच्या रॉकेटच्या कवचासाठी लागणारं मॅरेजिंग स्टील तिथे तयार होतं. या कामाला माणसं लागतात, आणि ती दोन महिन्यांच्या कोर्समधून तयार होत नाहीत.

महाराष्ट्रात ही शाखा पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि आयआयटी मुंबईत आहे. त्यांच्यासाठी अनुक्रमे एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड. दहावीनंतर डिप्लोमाचीही वाट आहे, आणि त्यातून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयवाल्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. इन्कोनेलसारखा मिश्रधातू मशीनवर कापताना कडक होत जातो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे टूलची धार पटकन जाते. तो नीट कापू शकणारा मशिनिस्ट किंवा टायटॅनियमला हवा लागू न देता जोडणारा वेल्डर सहज सापडत नाही.

आता पालकांच्या काळजीचं. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिली नोकरी बहुधा फाउंड्रीत, फोर्ज शॉपमध्ये किंवा हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये, शिफ्टची आणि भट्टीजवळची असेल. सुपरअलॉयच्या संशोधनात जायचं तर एम.टेक.शिवाय भागणं कठीण. त्यासाठी गेट परीक्षेत धातुशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. या क्षेत्रात माणसाची किंमत अनुभवाने वाढते, पण ती वर्षं काढावी लागतात. आणि मुलींना हे काम झेपणार नाही, हा विचार डोक्यातून काढून टाका.

नुसतं कॉलेजचं नाव मोठं आहे म्हणून ही शाखा घेऊ नका. मग चार वर्षं मूल कोडिंगचे क्लास लावत बसतं आणि दोन्हीकडचं अर्धवट राहतं. तुटलेला बोल्ट हातात आल्यावर तो कुठून आणि का तुटला हे ज्याला पाहावंसं वाटतं, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही ज्याला आवडतात, त्याने मात्र ती बिनधास्त घ्यावी.

पर्यायांचा अर्ज भरण्याआधी एक करा. जवळच्या कॉलेजात धातुशास्त्र विभाग असेल तर परवानगी काढून मुलाला तिथल्या प्रयोगशाळेत घेऊन जा. पॉलिश केलेला पोलादाचा तुकडा सौम्य आम्लात क्षणभर बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सांगा. आरशासारख्या पृष्ठभागावर धातूच्या कणांची नक्षी उमटलेली दिसेल. ती पाहून मुलगा किंवा मुलगी प्रश्न विचारायला लागली, तर पहिल्या पसंतीला मेटलर्जी भरा.