वडिलांसाठी तिथी

डहाणूच्या उत्तरेस, नरपड आणि घोलवड यांच्या दरम्यान, चिखले हे गाव समुद्रकाठी वसले आहे. किनाऱ्यावर सुरूची बने आहेत व त्यांच्यापुढे सपाट पुळण पसरली आहे. ओहोटी लागली म्हणजे पाणी फार दूर हटते. सकाळी लाटांवर डुलणारी होडी दुपारी वाळूवर कलंडलेली दिसते. अशा किनाऱ्यावर मनात आले आणि होडी लोटली, असे चालत नाही.

होडीच्या प्रमुखास तांडेल म्हणतात. जन्मभर तांडेलकी केलेला वृद्ध कोळी घरी स्वस्थ बसत नाही. हात थकतात, संध्याकाळी नजर नीट पोचत नाही, तरी एके दिवशी तो मुलाला म्हणतो, "एकदा मला घेऊन चल." मुलाच्या तोंडून नकार निघत नाही; पण होकारही लगेच निघत नाही. तो आधी पंचांग उघडतो.

अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्य व चंद्र या दोघांची ओढ एकत्र झाल्यामुळे पाणी खूप चढते, खूप उतरते आणि प्रवाहही जोराने धावतो. हे उधाण होय. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात येतात व प्रवाह मंदावतो; त्यास भांग म्हणतात. डोलीचे पिशवीसारखे जाळे समुद्रात बांधून ठेवलेले असते. प्रवाहच त्यात बोंबील व जवळा आणून सोडतो. म्हणून डोल लावणाऱ्यास उधाण हवेसे वाटते. म्हाताऱ्या माणसास सोबत नेणाऱ्याने मात्र उधाण टाळावे, हेच शहाणपणाचे.

आता वेळेचा प्रश्न. या भागात अमावास्येस व पौर्णिमेस भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते. पुढे ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. पूर्वी शाळांतून पाठ करून घेत ती पाऊणकी येथे उपयोगी पडते! चाराची पाऊणकी तीन. म्हणजे चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस ती सहाला येते. भांग असल्यामुळे अष्टमी सोयीची वाटेल. पण त्या दिवशी होडी काठाशी येईतो सांज होते, आणि वडिलांना सांजेचे दिसत नाही. मुलगा दोन तिथी मागे जातो. षष्ठीस भरती साडेचारला. पहाटे पाचला ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडावे आणि दुपारी तीन-चारला चढत्या पाण्याबरोबर उजेडीच परतावे. मासळी थोडी कमी मिळेल, हे तो जाणतो.

महिनाही पाहावा लागतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो. म्हणून मुलगा हिवाळ्यातील षष्ठी धरतो. आदल्या दिवशी तो हवामान खात्याचा इशारा पाहतो. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेले महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे व वाऱ्याचे अंदाज देते, तेही तो मोबाइलवर वाचतो. वडील मात्र अंगणात उभे राहून वारा गालावर घेतात. दोघांचे मत एक पडले, तरच होडीत पाणी, भाकरी आणि जीवरक्षक जाकिटे चढतात. जाकीट घालण्यास वडील कुरकुरतात; मुलगा ऐकत नाही.

होडी पाण्यात शिरल्यावर वडील म्हणतात, "दोर तू ओढ, सुकाणू माझ्याकडे दे." जाळे कोठे टाकावे, हे समुद्रावर लिहिलेले नसते. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन तशाच जुळवायच्या; या दोन रेषा जेथे छेदतात, ती जागा. वडिलांच्या खुणा डोंगर आणि झाडे यांच्या आहेत. मुलाला डहाणूच्या वीजकेंद्राचे २७५ मीटर उंचीचे धुराडे अधिक जवळचे. ते वीजकेंद्र १९९५ मध्ये सुरू झाले, तेव्हा वडील भर उमेदीत होते. काही झाडे आता उरलेली नाहीत. वडील त्यांची जागा बोटाने दाखवितात, आणि मुलगा त्या जागेसमोर आता काय दिसते, ते ध्यानात ठेवतो.

तीनच्या सुमारास चढते पाणी होडीला काठाकडे आणते. टोपलीत थोडी मांदेली असते आणि चार-दोन पापलेटे. मुलगा गुडघाभर पाण्यात उतरून खांदा पुढे करतो. वडील त्यावर हात टेकून उतरतात आणि पुढची षष्ठी कोणत्या वारी येते, ते विचारतात.